मिठाचा मान

उज्ज्वला: आता आणखी कुठं मागं घेऊ, आप्पा? मागं इहीर हाय.

आप्पा: गाडी मागं घ्यायला सांगाय न्हाई आलो मी.

उज्ज्वला: मग? सकाळी म्हणलात, वेशीच्या आत हिचं चाक दिसलं न्हाई पायजे. घेतली वेशीबाहेर. मग तुमचा पोरगा रविराज आला, म्हणं म्हसोबाला तुझ्या गाडीतल्या चुलीचा धूर लागायलाय. घेतली पिंपळाच्या पलीकडं. आता काय, देवाला माझा वास यायला लागला का?

छबुबाई: उजे, जीभ आवर जरा. आप्पा भावजी, बसा. उन्हाचं आलाव. पाणी देऊ?

आप्पा: पाणी नको वैनी, टाइम न्हाई. तुझ्याकडं बटाटे हायेत का गं?

उज्ज्वला: काय?

आप्पा: बटाटे. असतील तेवढे दे.

उज्ज्वला: यात्रा कमिटीचा अध्यक्ष, कंदुरीच्या दिवशी, भर दुपारचा, एकटा चालत बटाटे मागायला आलाय?

आप्पा: पाहुण्यात एकाला उपास हाय.

छबुबाई: कंदुरीला उपास? बोकडाच्या जेवणाला उपासाचा माणूस बोलावला व्हय तुमी?

आप्पा: असतोय एखादा.

उज्ज्वला: आन् त्या एकट्याला माझ्याकडचे सगळे बटाटे लागतेत. बकासुर हाय का काय?

आप्पा: तू द्यायलीस का न्हाई?

उज्ज्वला: मीठ किती जास्ती झालंय?

आप्पा: मिठाचं नाव कुणी काढलं?

उज्ज्वला: कुणी कावून काढायला पायजे? पुण्यात हॉटेलात होते तवा असंच एखादं पोरगं मान खाली घालून यायचं, ताई बटाटा हाय का म्हणून. मी न विचारता त्याच्या पातेल्याकडं जायची. आप्पा, बटाट्यानं काय होत न्हाई. बटाटा खारट होतो, रस्सा हाय तसाच राहतो. म्हाताऱ्या बायांनी सांगितलेल्या सगळ्याच गोष्टी खऱ्या नसतेत.

आप्पा: हळू बोल जरा. मैदानातली माणसं कान देऊन बसलीत.

छबुबाई: आगं बाई! कंदुरी खारट झाली? समदी डेग?

आप्पा: समदी. बिभीषण आचाऱ्यानं नैवेद्य दाखवला, नारळ फोडला, मग पयला घास तोंडात टाकला आन् थुकला.

छबुबाई: परसाद थुकला?

आप्पा: गिळणंच होईना वैनी त्याला. डोळ्याला पाणी आलं त्याच्या. मी बी बोट लावून बघितलं. समुद्राचं पाणी बरं.

उज्ज्वला: आन् देवानं कसा गिळला असंल बिचाऱ्यानं?

आप्पा: देवाची मस्करी नको.

उज्ज्वला: मस्करी तुमी केली, मी न्हाई. शिजताना कुणी चाखलं कावून न्हाई?

आप्पा: नैवेद्याच्या आधी चाखतेत व्हय? उष्टं होतं ते. ह्या गावात जलमलीस, तुला म्हाईत न्हाई?

उज्ज्वला: मला म्हाईत हाय. मला सगळं म्हाईत हाय. बोकडं गड्यांनी कापायची, गड्यांनी रानात शिजवायची, गड्यांनीच खायची. बाईची सावली बी डेगंवर पडू द्यायची न्हाई. बाईनं फकस्त आदल्या दिवशी पाट्यावर बसून दंडाचे लचके तुटूस्तोवर मसाला वाटायचा आन् गड्याच्या हातात द्यायचा. ह्येच ना? आता सांगा, मीठ कुणी घातलं?

आप्पा: मिठाचा मान असतोय. एक साल वरच्या आळीचा, एक साल खालच्या आळीचा.

उज्ज्वला: औंदा कुणाचा?

आप्पा: आमचा. वरच्या आळीचा.

उज्ज्वला: आन् खालची आळी काय म्हणती?

आप्पा: ते म्हणतेत त्यांचा. गेल्या साली पाणीच नव्हतं तर कंदुरी झाली न्हाई. मग ते साल मोजायचं का सोडायचं? बैठकीत लई कालवा झाला. फैसला कायच झाला न्हाई.

उज्ज्वला: म्हणून दोघांनीबी घातलं.

आप्पा: बिभीषण लाकडं आणायला गेलता. तेवढ्यात आमच्या रविराजनं मान उरकला. मग रविराज आंघोळीला गेला, तर खालच्या आळीचा पंडित आला. त्यानं बी उरकला. ह्याला त्याचं म्हाईत न्हाई, त्याला ह्याचं म्हाईत न्हाई.

छबुबाई: आन् घातलं तरी किती?

आप्पा: ओंजळीनं. मान म्हणल्यावर हात आखडता कोण घेतंय वैनी? दोघांच्या मनात एकच, आपलं कमी दिसाय नको.

उज्ज्वला: मग खावा की आता. मान पोटभर खावा.

आप्पा: हसू नको उज्ज्वला. जिल्ह्याचे साहेब जेवाय यायलेत. रविराजच्या तिकिटाची गोष्ट हाय. आमच्या गावची कंदुरी म्हणून त्यांना गेल्या महिन्यापसून सांगून ठिवलंय. तेलगावचे, नांदूरघाटचे पुढारी बरोबर हायेत. त्यांच्यासमोर ही डेग उघडली तर तमाम जिल्ह्यात इज्जत जाईल. म्हणतील ह्यांना मीठ कळंना, ह्यांना काय राजकारण कळतंय.

छबुबाई: उजे, दे की नीट करून. गावचं काम हाय. आपण आपलं करून द्यावं, मिटवून टाकावं.

आप्पा: बघ, तुझी आई शहाणी हाय. मी काय म्हणतो ते ऐक. तू गाडीचा पडदा ओढून घे. पोरं डेगंतला माल हंड्यानं गुपचूप हिकडं आणतील. तू आतल्या आत जे काय करायचं ते कर. हंडे परत मैदानात जातील. बाहेर नाव बिभीषणचंच राहील. तुझी मजुरी तू म्हणशील ती. आन् पुढच्या बाजारापसून तुझी गाडी चौकात, माझ्या दुकानाच्या पुढं. कोण उठवतंय बघतो.

उज्ज्वला: झालं बोलून?

आप्पा: झालं.

उज्ज्वला: मग हे बी ऐका. पुण्यातल्या त्या हॉटेलात मी भांडी घासायला लागलते. तिथून आत आले तर मला कोशिंबिरीवर उभी केली. थंड्या बाजूला. चार वर्षं काकड्या कापल्या मी. का? तर आगीजवळ बाया टिकत न्हाईत म्हणं. मी ऊसतोडीच्या टोळीवर वाढलेली पोरगी. आई-बाप पहाटं फडात उसाला गेले की कोपीपुढं तीन दगडाच्या चुलीवर सगळ्यांच्या भाकरी मी टाकायची. बोटाची नखं जळून परत यायची. आन् ती टोपीवाली पोरं मला सांगायची, ताई, भाजशील.

छबुबाई: नऊ वर्षाची होती तवा. वाऱ्यानं कोपी पेटंल म्हणून एका हातानं पाचट दाबून धरायची आन् एका हातानं भाकर.

उज्ज्वला: मग एकदा मोठा शेफ आजारी पडला आन् मी रस्सा केला. काळा मसाला घालून, आपल्याकडचा. त्याच्यावर पेपरात लिहून आलं. फोटो कुणाचा आला? शेफचा. तो दवाखान्यात पडून हुता, तरी त्याचा. मी मागं कोथिंबीर निवडत हुते. म्हणले, उज्ज्वला, तू आतल्या आत कर, नाव मोठ्या माणसाचं राहू दे. अगदी तुमच्याच शब्दात म्हणले आप्पा. गावंढळ माणसानं आन् सुटाबुटातल्या माणसानं एकच वाक्य पाठ केलंय वाटतं.

आप्पा: ते तुझं पुण्यातलं मला सांगू नको.

उज्ज्वला: त्याच दिवशी सोडलं. ही गाडी घेतली. जुना टेम्पो हुता, कोंबड्या वाहायचा. आत वास जाईना, मी आन् आई आठ दिवस घासत हुतो. नाव दिलं ‘कोपी’. तुमी सगळे हसलात. लाज आणली म्हणलात, ऊसतोडीचं खोपटं काय पाटीवर लिवायची गोष्ट हाय का.

आप्पा: हसणारच. हुलग्याच्या शेंगुळ्याला हाटेलाचा भाव लावलास तू. हुलगं आमी म्हशीला घालतो.

उज्ज्वला: म्हशीला चव कळती म्हणून ती दूध देती. लोक संभाजीनगरवरून गाडी करून शेंगुळे खायला येतेत माझ्याकडं. सीताफळाची बासुंदी गोठवून देते, ती खायला हैदराबादचे शेफ आलते. तुमची नात संस्कृती, ती घरात लपून माझे व्हिडिओ बघती. विचारा तिला.

आप्पा: संस्कृतीला मधी आणू नको.

उज्ज्वला: बरं, न्हाई आणत. पण पडदा लावून मी काय करणार न्हाई. पडदा लावायचाच असता तर गाडीला एवढी मोठी खिडकी कावून पाडली असती?

आप्पा: मग ऐक. मला बोलायचं नव्हतं, तू बोलायला लावायलीस. मैदानात लोक काय म्हणायलेत म्हाईत हाय? मिठाचं काय न्हाई, मसाल्यातच मीठ हुतं म्हणायलेत. छबूनं वाटताना घातलं.

छबुबाई: काय म्हणलाव?

आप्पा: मी न्हाई म्हणत वैनी. लोक म्हणायलेत.

छबुबाई: लोक म्हंजे कोण? नाव सांगा.

आप्पा: पंडित म्हणला.

छबुबाई: आन् तुमचा रविराज?

आप्पा: त्यो बी म्हणला.

उज्ज्वला: वा! बांधावरनं कोर्टात गेलेली दोन घरं. एकमेकाच्या लग्नाला जात न्हाईत. बाईच्या डोक्यावर घालायचं म्हणलं की लगीच एका ताटात.

छबुबाई: मसाल्यात कुणी मीठ घालतं का? पाणी सुटतं. उद्या बुरशी येती. शेंबडं पोरगं बी सांगंल.

आप्पा: तुमाला म्हाईत, मला म्हाईत. पण साहेब निघून गेल्यावर गावाला कुणाचं तरी नाव पायजेच असतंय. मी अडवू शकतो. ही जर डेग नीट करून देत आसंल तर मी त्यांची तोंडं बंद करतो.

उज्ज्वला: धमकी द्यायलात का आप्पा?

आप्पा: वेव्हार सांगायलो.

छबुबाई: थांब उजे. तू नको बोलू. भावजी, माझी सासू साखराबाई तुमाला आठवती का?

आप्पा: आठवती की. म्हातारी लई तोंडाळ हुती.

छबुबाई: तोंडाळ न्हवती. तिला तोंडाळ केलं. कंदुरीचा मसाला वाटताना तिनं बोट चाटलं. एकदाच. तेबी चुकून, मिरची लागली का बघाय. त्या साली तिचा बैल मेला. कोवळी ज्वारी खाऊन फुगला हुता, समद्यांनी डोळ्यानं बघितलं हुतं. तरी गावानं तिला बैलखाऊ म्हणलं. पाणवठ्यावर बैलखाऊ, लग्नात बैलखाऊ. मरताना तिनं माझा हात धरला आन् म्हणली, छबे, वाटताना तोंड बांधून बसत जा. म्या आजपतुर तोंडाला पदर बांधून वाटते, भावजी. ठसका लागला तरी सोडत न्हाई. आन् आता मला खारटखाऊ म्हणणार का तुमी?

आप्पा: वैनी, मी हाय ना. मी कुणाला म्हणू देणार न्हाई.

छबुबाई: तुमी हाव म्हणूनच तर भ्या वाटतंय. तवाबी तुमचेच वडील अध्यक्ष हुते.

उज्ज्वला: आता माझं ऐका. डेग हितं आणायची. वाजत गाजत, उघड्यावर. मी तिच्यात हात घालणार, सगळ्यांच्या देखत. आन् मी चाखणार.

आप्पा: चाखणार? कंदुरीचं? बाईमाणसानं?

उज्ज्वला: चाखल्याबिगर कसं कळंल किती खारट हाय?

आप्पा: अंदाजानं कर की. तू एवढी शिकलेली.

उज्ज्वला: अंदाजानंच तर खारट झालंय! आप्पा, माझ्या धंद्यात एकच धर्म हाय. चाखल्याशिवाय ताट खिडकीबाहेर जात न्हाई. राष्ट्रपती येवो न्हाईतर तुमचे साहेब.

आप्पा: बरं. एक चमचा. गाडीच्या आड.

उज्ज्वला: आड न्हाई. आन् तयार झाल्यावर वाढप हितूनच, ह्या खिडकीतून. जे येईल त्याला. गडी आला गड्याला, बाई आली बाईला. मी विचारणार न्हाई कोण हाय.

आप्पा: हे जमणार न्हाई. म्हसोबा कोपंल.

छबुबाई: कोपला असता तर खारट खाऊनच कोपला असता की.

आप्पा: वैनी, तुमी बी?

छबुबाई: आन् माझं बी एक हाय. भोंग्यावरून सांगायचं, मीठ दोनदा पडलं. कुणी घातलं त्यांची नावं घेऊन. मसाल्याचा काय संबंध न्हाई म्हणून. पुऱ्या गावाला ऐकू जाईल असं.

आप्पा: वैनी, डोकं ठिकाणावर हाय का? तिकीट मागायच्या दिवशी मी माझ्याच पोराचं नाव भोंग्यावर घेऊ?

छबुबाई: माझं घेताना कसं लगीच घेतलं?

आप्पा: उज्ज्वला, तू हिला समजाव. न्हाईतर सांगून ठिवतो, उद्यापसून ह्या शिवारात तुझी गाडी कुठं उभी राहणार न्हाई. शिरूर कासारपतुर सांगून ठिवीन.

उज्ज्वला: ठिवा सांगून. गाडीला चाकं हायेत आप्पा. चूल चाकावर घेतली ती ह्याच्यासाठीच. जमिनीवरची चूल तुमी पायानं मोडता, हे मला कोपीतच कळलंतं. उद्या मी परळीत उभी राहीन, परवा अंबाजोगाईत. तुमी मात्र डेगंपाशीच ऱ्हाणार. तिला चाकं न्हाईत.

आप्पा: लई माज आलाय तुला.

उज्ज्वला: आलाय. वेळेवर आला असता तर काकड्या कापल्या नसत्या.

आप्पा: थांब, फोन वाजायलाय. हां, बोल बे रविराज. काय? केज ओलांडलं? आरं मग अडव की कुठंतरी. सत्कार कर. शाळा दाखव, तळ्याची भिंत दाखव, कायबी दाखव. काय म्हणतो? साहेबाला भूक लागलीय? आन् बिभीषण कुठाय? पळाला? कुठं पळाला बे? डेग सोडून? पंडितचं काय? हसायलाय? त्याला म्हणावं, तुझं बी नाव निघंल, जरा दम काढ. ठिव. ठिव म्हणलं ना.

उज्ज्वला: बटाटे देऊ का मग? त्या खोक्यात हायेत.

आप्पा: किती वेळ लागंल तुला?

उज्ज्वला: माझा मटणाचा रस्सा सकाळपसून शिजतोय. बायांसाठी केलता, पाटीवर लिहिलंतं, कंदुरीचं मटण, बायांनी खावं. म्हणूनच तर तुमी मला वेशीबाहेर काढलं. त्यात मीठ न्हाई अजून. मी मीठ शेवटी घालते. तुमी भोंग्यावर लवकर गेलात तर साहेबाच्या पोटात लवकर पडंल.

आप्पा: नावं घ्यायलाच पायजेत का?

छबुबाई: घ्यायलाच पायजेत.

आप्पा: नुसतं ‘मानकऱ्यांची चूक’ म्हणलं तर?

छबुबाई: माझ्या सासूला नुसतं ‘एक बाई’ म्हणले असते तर म्या बी सोडलं असतं.

आप्पा: वैनी, माझ्या बापानं हा मान आणला हुता घरात. मोडायचा तर माझ्याच हातानं मोडायचा का?

उज्ज्वला: मोडायला कुठं सांगायले? मीठ घाला की दरसाल. एकानं घाला फकस्त. आन् दुसऱ्यानं चाखा.

आप्पा: जातो.

(मैदानातला भोंगा खरखरतो. आप्पांचा आवाज येतो, “माइक टेस्टिंग” दोनदा, मग एका दमात: “डेगंत मीठ दोनदा पडलेलं हाय. आमच्या रविराजनं एकदा आन् पंडितरावांनी एकदा. मसाला चांगला हाय. मसाल्याचा दोष न्हाई. डेग पिंपळापाशी चाललीय, पोरांनी हात लावायला यावं.” थोड्या वेळानं बैलगाडीतून डेग येते.)

उज्ज्वला: हळू उतरवा! रस्सा सांडला तर तुमालाच चाटायला लावीन. आप्पा, तिकडं तीन दगड मांडलेत, त्याच्यावर ठिवा. आता सगळ्यांनी मागं व्हा. मी चाखायले. बघा बरं, नीट बघा, मोबाईलमधी बी घ्या.

आप्पा: कसंय?

उज्ज्वला: दोन घरांची इज्जत उतरलीय ह्याच्यात. मटण मात्र झकास शिजलंय. बिभीषणचा हात चांगला हाय, बोलवा त्याला, लपला असंल तिथून. लाज वाटण्यासारखं त्यानं काय केलं न्हाई.

आप्पा: हुईल का नीट?

उज्ज्वला: हुईल. ह्यातला अर्धा रस्सा काढा त्या रिकाम्या हंड्यात. फेकू नका, आरं ए, फेकू नका! त्याच्यात निखळ पाणी घालून उद्या आमटीला येईल. आई, येसर कुठाय?

छबुबाई: डब्यात. समदा घालायचा?

उज्ज्वला: समदा. भाजलेल्या बाजरी-हरभऱ्याचं पीठ हाय, बिनमिठाचं, रस्सा वाढवतं आन् दाट करतं. आप्पा, तुमी काय करायलात?

आप्पा: मी? उभा हाय.

उज्ज्वला: उभं राहून चालत न्हाई माझ्या किचनमधी. त्या कांद्याची सालं काढा.

आप्पा: मी कांदे सोलू?

उज्ज्वला: अध्यक्षाला येत न्हाईत का?

छबुबाई: भावजी, अशी न्हाई, आधी शेंडा काढा. हां. डोळ्याला पाणी आलं तर पुसू नका, हात लागंल. येऊ द्या.

आप्पा: हे लई वाईट काम हाय.

छबुबाई: ह्ये सोपं हाय. मिरच्या अजून हायेत.

उज्ज्वला: खोबरं टाक आई. आता माझा रस्सा ओता. एकदम न्हाई, बेतानं. थांबा. मी चाखते. अजून. आता थांबा. उकळी येऊ द्या. आता बघा आप्पा, रंग कसा आला.

आप्पा: वास तर... वास तर वडिलांच्या काळातला हाय.

उज्ज्वला: वास आईच्या मसाल्याचा हाय. वडिलांचं काय काढता सारखं.

आप्पा: ते बघ, साहेबांच्या गाड्या आल्या. रविराजनं मंडपात ताटं मांडलीत. दे, पयलं ताट साहेबांचं दे.

उज्ज्वला: साहेबांना सांगा, खिडकीवर या. सगळ्या माणसांसारखं. आन् पयलं ताट त्यांचं न्हाई.

आप्पा: मग कुणाचं? ते बघ, बाया तिकडं बाभळीखाली उभ्या हायेत कवाच्या. एक तरी पुढं आली का? न्हाई येणार. मी तुला सकाळीच सांगणार हुतो. तू दार उघडशील, पण आत कुणी येणार न्हाई. बाईलाच नकोय हे.

उज्ज्वला: सत्यशीलाकाकू बी हायेत त्यात. तुमच्या घरच्या.

आप्पा: ती तर न्हाईच येणार.

उज्ज्वला: आई, हे धर ताट.

छबुबाई: मला कावून? मी न्हाई.

उज्ज्वला: मघाशी भोंग्यावर नावं घ्यायला लावलीस की.

छबुबाई: ते येगळं. ते बोलायचं हुतं. हे खायचं हाय. उजे, कुणाचा बैल मेला तर?

उज्ज्वला: गावात बैल राहिलेत किती? ही डेग आणलेली जोडी सोडली तर सगळे ट्रॅक्टरच हायेत.

छबुबाई: तीच जोडी मेली तर?

उज्ज्वला: तर मी घेऊन देईन. बैल मरतो आई. बाई खावो का न खावो, बैल मरतो. ट्रॅक्टर बी बंद पडतो.

आप्पा: वैनी, जबरदस्ती न्हाई. मन न्हाई तर ठिवा खाली ताट. समद्यांच्या देखत आपला मान ठिवा.

छबुबाई: माझा मान? माझा कुठला मान हाय भावजी? मला तर फकस्त पाटा-वरवंटा हाय. दे गं ते ताट. भाकर कुठाय?

उज्ज्वला: ही घे. चुरून खा, रस्सा जास्ती घे.

आप्पा: सगळे बघायलेत वैनी.

छबुबाई: बघू द्या. म्या बी आयुष्यभर तुमाला खाताना लांबून बघितलंय.

उज्ज्वला: आई? काय झालं? तिखट लागलं?

आप्पा: खारट हाय का अजून? वैनी, बोला की. कसं झालंय?

छबुबाई: मीठ बरोबर हाय.

आप्पा: मग?

छबुबाई: लवंग जास्ती हाय.

आप्पा: लवंग?

छबुबाई: मसाल्यात. घशाला लागायली. सासूनं जे माप सांगितलं त्या मापानं म्या घालत आले, दरसाल. तिनं बी कवा खाल्लं न्हवतं. तुमी समदे खात हुताव ना, भावजी? मग कुणी एकानं बी कवा मला कावून सांगितलं न्हाई?

आप्पा: आमाला वाटायचं, असंच असतंय.

छबुबाई: सत्यशीला! अगं ए सत्यशीला, तिथं झाडाखाली काय उभी ऱ्हायलीस? ये हिकडं. काल तूबी माझ्यासंगं पाट्यावर हुतीस की. जरा खाऊन बघ बाई, लवंग जास्ती झालीय का. मला एकटीला नीट कळंना.